विधी विद्यार्थ्यांस न्यायसहायक विज्ञान शिकविताना : दोन विषप्रकरणांचा बोध

प्रास्ताविक

विषाची लक्षणे, त्याची चिकित्सा आणि न्यायासनासमोरील वैद्याचे कर्तव्य हे सर्व आपण अगदतंत्र व विधिवैद्यक या एकाच विषयात शिकतो. विधी महाविद्यालयांत मात्र न्यायवैद्यक व न्यायसहायक विज्ञान हे अनेक ठिकाणी ऐच्छिक विषय असतात. परिणामी, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल कसा वाचावा हे न शिकताच अनेक तरुण वकिली सुरू करतात.

ही उणीव यापुढे अधिक जाणवणार आहे. दि. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. ही तरतूद लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी दिलेला आहे. म्हणजे प्रयोगशाळेचे अहवाल उत्तरोत्तर अधिक खटल्यांत दाखल होतील. ते वाचणारे वकील व न्यायाधीश घडविण्याच्या कामी, निदान विषप्रकरणांपुरता, आपल्या शास्त्राचा वाटा मोठा असू शकतो. तो कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन दृष्टी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात आशुमृतकपरीक्षा, म्हणजे अकस्मात मृत झालेल्याची तपासणी, हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात शवावरील लक्षणे पाहावीत, उरलेल्या अन्नाची परीक्षा करावी आणि मृताच्या निकटच्या व्यक्तींकडे चौकशी करावी, असे सांगितले आहे. त्यातील परीक्षापद्धती आज कालबाह्य आहेत. परंतु देह, द्रव्य आणि परिस्थिती ही तिन्ही एकत्र पाहिल्याखेरीज निर्णय करू नये, हे सूत्र आजही तितकेच खरे आहे. विधी विद्यार्थ्यास शिकवावयाचे ते हेच. त्यासाठी पुण्याशी निगडित असलेले सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटतात.

पहिला निवाडा : विष सापडले नाही, तरी दोष सिद्ध

अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यातील आरोपी स्वतः वैद्यकीय व्यवसायी होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्याहून मुंबईस रात्रीच्या गाडीने नेलेली एक मधुमेही विधवा बेशुद्धावस्थेत मुंबईच्या रुग्णालयात दाखल झाली व तेथे मरण पावली. तिचे नाव खोटे नोंदविले गेले. शव बेवारस राहिले. शवविच्छेदन काही दिवसांनी झाले आणि रासायनिक विश्लेषणात कोणतेही विष आढळले नाही. मृत्यू मधुमेहजन्य मूर्च्छेने झाला की विषाने, हाच वादाचा मुख्य मुद्दा होता. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने शिक्षा कायम केली. आरोपीचे आधीचे व नंतरचे वर्तन, मृत स्त्रीच्या मालमत्तेचा अपहार आणि मृत्यू लपविण्याची धडपड या परिस्थितिजन्य पुराव्यावर निर्णय आधारला गेला.

यातून विद्यार्थ्याने घ्यावयाचा धडा असा, की 'विष आढळले नाही' आणि 'विष दिले गेले नाही' ही दोन भिन्न विधाने आहेत.

दुसरा निवाडा : विष सापडले, तरी दोष असिद्ध

शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात जून १९८२ मध्ये पुण्यात एका विवाहितेचा मृत्यू पोटॅशियम सायनाईडने झाला. विषाविषयी वाद नव्हता. सत्र न्यायालयाने पतीस फाशी ठोठावली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले, कारण आत्महत्येची शक्यता पुराव्याने दूर झाली नव्हती. विषप्रयोगाने झालेल्या खुनात चार गोष्टी पाहाव्यात, असे या निवाड्यात सांगितले आहे : स्पष्ट हेतू, त्याच विषाने मृत्यू, आरोपीच्या ताब्यात ते विष असणे आणि ते देण्याची संधी.

या चारांपैकी प्रयोगशाळा केवळ दुसऱ्या गोष्टीवर प्रकाश टाकू शकते, हे विद्यार्थ्याच्या मनावर ठसले पाहिजे.

द्रव्यस्वभावाचे ज्ञान

अहवालास योग्य प्रश्न विचारावयाचा तर द्रव्याचा स्वभाव ठाऊक हवा. येथे अगदतंत्राच्या अध्यापकाचे साहाय्य मोलाचे ठरते.

१) सोमल : केस, नखे व अस्थी यांत टिकून राहतो. दीर्घ काळानंतरही सापडू शकतो.

२) कुचला : त्यातील स्ट्रिक्नीन कुजलेल्या शवातही बराच काळ टिकते.

३) वत्सनाभ : अत्यल्प मात्रेत मारक. त्यातील अ‍ॅकोनिटीन सहज विघटन पावते, म्हणून शोधण्यास कठीण. आधुनिक उपकरणांनी हे काम पुष्कळ सुकर केले आहे.

४) धत्तूर : जठरात बिया वा त्यांचे तुकडे मिळाल्यास ओळख पटविण्यास मोठी मदत होते.

यासोबत व्हिसेरा जपण्याची रीतही सांगावी. विषपरीक्षेसाठी अवयव सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मेलिनमध्ये नाही; फॉर्मेलिनमुळे विष वेगळे काढणे अवघड होते. बरणी कोणी मोहोरबंद केली, कोणाच्या ताब्यात किती दिवस राहिली, प्रयोगशाळेत पोचली तेव्हा मोहोर शाबूत होती काय, ही साखळी कोठेही तुटली तर उत्तम विश्लेषणही निरुपयोगी ठरते.

औषध की विष?

आपल्या व्यवसायाशी थेट संबंध येतो तो या ठिकाणी. त्रिभुवनकीर्ती रसात वत्सनाभ व हिंगुळ ही दोन्ही द्रव्ये आहेत. समजा, ज्वरासाठी हा कल्प घेणाऱ्या रुग्णाचा अन्य कारणाने संशयास्पद मृत्यू झाला आणि अहवालात पारद व वत्सनाभाची अल्कलॉइडे आढळल्याचा उल्लेख आला. हा विषप्रयोग की विहित औषध? शोधनात उष्णतेने अ‍ॅकोनिटीनचे रूपांतर बेंझॉइलअ‍ॅकोनीन व अ‍ॅकोनीन या पुष्कळ सौम्य द्रव्यांत होते. म्हणून द्रव्य कोणते, कोणत्या रूपात आणि किती प्रमाणात, हा प्रश्न वकिलाने विचारलाच पाहिजे. तो विचारला गेला नाही तर निरपराध वैद्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील, अथवा खरा अपराधी औषधाच्या आडोशाने सुटेल.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर प्रयोगशाळेत असते, उरलेले अर्धे वैद्याच्या केसपेपरात व औषधी दुकानदाराच्या दप्तरी. म्हणून आपल्या बाजूने पुढील दक्षता आवश्यक आहे :

अ) कल्पाचे नाव, मात्रा, अनुपान, दिवस व तारीख यांची नोंद त्याच वेळी करावी. मागाहून घातलेली ओळ उलटतपासणीत टिकत नाही आणि उर्वरित नोंदींवरही संशय आणते.

आ) औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या कल्पांवर, वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना छापलेली आहे याची दुकानदारांनी खात्री करावी व बॅच क्रमांकासह खरेदी-विक्रीची कागदपत्रे जपावीत.

इ) विषबाधेचा संशय असता वमन वा जठरप्रक्षालनातील द्रव टाकून न देता स्वच्छ बरणीत बंद करून, लेबल लावून ठेवावा.

अध्यापनाची रीत

केवळ व्याख्यानाने हा विषय उतरत नाही. विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत : अभियोग पक्ष, बचाव पक्ष आणि तज्ज्ञ साक्षीदार. त्यांच्या हाती काल्पनिक केसपेपर, पंचनामा, शवविच्छेदनाची टिपणे आणि विश्लेषकाचा अहवाल द्यावा. अहवालात मुद्दाम एक त्रुटी ठेवावी. उदाहरणार्थ, मोहोरेचा उल्लेख नसणे. ती कोण शोधतो, हीच परीक्षा.

दोन तरतुदी त्यांस आवर्जून सांगाव्यात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ अन्वये तज्ज्ञाचे मत ग्राह्य आहे; परंतु ते मतच आहे, न्यायालय त्याने बांधले जात नाही, आणि त्यामागील कारणे दिसली तरच त्यास वजन येते. तसेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ अन्वये सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्यास न बोलाविताही पुराव्यात घेता येतो. मात्र न्यायालय त्यास पाचारण करू शकते. हा अर्ज केव्हा करावा हे ओळखणे वकिलाच्या कौशल्याचा भाग आहे.

समारोप

जिल्हा शाखांनी आपल्या भागातील विधी महाविद्यालयाशी संपर्क साधून वर्षातून किमान एक सत्र अगदतंत्राच्या अध्यापकाकडून घडवून आणावे, असे आम्ही सुचवितो. यास खर्च फारसा नाही. लाभ मात्र दोन्ही बाजूंचा आहे. ज्या विद्यार्थ्यास आपण आज वत्सनाभाचे शोधन समजावून देऊ, तोच उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील वैद्यास प्रश्न विचारणार आहे. त्याचा प्रश्न अचूक असावा, आणि आपल्या केसपेपरात त्याचे उत्तर असावे.