बॅचसोबत साताऱ्याला धावायचंय? माणशी किती धरायचे

पुण्याहून सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावून यायला माणशी सव्वाचार ते साडेपाच हजार रुपये लागतात. त्यात बूट धरलेले नाहीत. कॉलेजची जुनी धावणारी मंडळी, त्यांचे नवरे-बायका, मित्र असा गोतावळा जमवून जायचं घाटत असेल, तर हा आकडा ग्रुपवर पहिल्याच दिवशी लिहून टाकावा. नाहीतर सगळे नुसतं प्रवेशशुल्क बघून ‘मी आहे’ म्हणतात आणि ऑगस्ट संपता संपता एकेक जण काहीतरी काम निघालं म्हणून गळायला लागतो. त्या गळणाऱ्यांत एखाद्याची अडचण पैशांची असते आणि ती तो कधीच सांगत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी एकत्र येणाऱ्या बॅचमध्ये एक जण मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर असतो, एक विनाअनुदानित शाळेत शिकवत असतो, एकाचं दुकान नुकतंच बंद पडलेलं असतं. ज्याची मिळकत सगळ्यांत कमी, त्याला झेपेल तोच सगळ्यांचा खर्च, असं धरून हिशेब मांडावा. पुढचे आकडे तसेच मांडलेत. ते अंदाजाचे आहेत, नोंदणीच्या दिवशी चालू दर बघून पक्के करा.

आधी शुल्क. महाराष्ट्रात हाफ मॅरेथॉनचं, म्हणजे २१.०९७ किलोमीटरचं शुल्क साधारण हजार ते अडीच हजारांत असतं, आणि गाजलेल्या स्पर्धा वरच्या टोकाला असतात. सातारा त्यांतलीच. २०१२ पासून ही स्पर्धा होते, सप्टेंबरात रविवारी असते आणि जागा भराभर भरतात. जाहिरातीतला आकडा आणि पैसे भरतानाचा शेवटचा आकडा पुष्कळदा वेगळे असतात, कारण मध्ये १८ टक्के जीएसटी आणि ऑनलाइन भरण्याचा आकार येऊन बसतो. ग्रुपवर कळवायचा तो शेवटचा आकडा. हे शुल्क सहसा परत मिळत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही होत नाही.

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. एखादा ऐनवेळी आला नाही म्हणून त्याचा बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, दुसऱ्या मित्राला लावून धावायला पाठवू नका. दोन हजार वाया जातात हे खरं. पण त्या नंबरामागे नोंदवलेला रक्तगट, वय आणि घरचा फोन दुसऱ्याच माणसाचा असतो. घाटात कुणी कोसळला तर डॉक्टरांच्या हातात चुकीची माहिती पडते आणि फोन भलत्याच घरी जातो. पैसे गेले तर जाऊ द्या. आपल्या बिबच्या मागच्या बाजूला मात्र रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर बॉलपेनने लिहा. शाईचं पेन पावसात पसरतं.

खरा खर्च आदल्या रात्रीचा. बिब आणि वेळ मोजायची चिप शनिवारी ओळखपत्र दाखवून घ्यावी लागते आणि धाव पहाटे सुटते, म्हणजे पुण्याहून जाणाऱ्याला मुक्काम टळत नाही. त्या शनिवारी साताराभर खोल्यांची मारामार असते आणि दर चढतात. दोघांची बरी खोली दोन ते तीन हजारांना धरा, म्हणजे माणशी हजार ते दीड हजार. खोली ठरवताना भाव विचारून फोन ठेवू नका, आणखी तीन गोष्टी विचारा. पहाटे चारला गरम पाणी येईल का? सोलर असेल तर पावसाळी हवेत येणार नाही. चहा कोण देणार? कुणीच नाही, असं बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, तेव्हा ग्रुपमध्ये एक विजेची किटली न्यावी. आणि खोली सोडायची वेळ काय? दहाची असेल तर घाट उतरून, पदक घालून, नाश्ता करून येईपर्यंत ती टळलेली असते आणि अर्ध्या दिवसाचं भाडं अंगावर येतं. बुकिंग करतानाच बारापर्यंतची मुभा मागून ठेवावी. पंधरा-वीस जण असतील तर एखाद्या मंगल कार्यालयाचा हॉल आणि गाद्या घेतल्या तर हाच खर्च पुष्कळ खाली येतो. आम्हाला विचाराल तर जुन्या मंडळींसाठी ती झोप खोल्यांपेक्षा चांगली. फक्त रात्री नऊनंतर गप्पा बंद, हे आधीच ठरवून घ्या. बॅचमधलं कुणी साताऱ्यात राहत असेल तर त्याच्याकडे चार जणांनी उतरावं, पण सगळ्या वीस जणांचं जेवण त्या घराच्या गळ्यात घालू नये.

प्रवासात ग्रुप हमखास जास्त पैसे घालवतात ते टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. सगळे एकत्र, गाणी म्हणत जाऊ, या कल्पनेला कुणी नाही म्हणत नाही. पण भाड्याच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दिवसाला ३०० किलोमीटरचा किमान हिशेब लावतात. पुणे-सातारा जाऊन-येऊन होतात साधारण २२०, आणि दोन दिवसांचे पैसे भरायचे ६०० किलोमीटरचे. वर ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल. सतरा जणांत वाटले तरी माणशी हजाराच्या आसपास जातात. त्याऐवजी चार-चार जणांच्या गाड्या केल्या तर एका गाडीला पेट्रोल आणि टोल मिळून अठराशे ते सव्वादोन हजार, म्हणजे माणशी साडेचारशे ते साडेपाचशे. खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन टोलनाके जाताना, तेच दोन येताना. चोवीस तासांच्या आत परत त्याच नाक्यावर आलात तर परतीच्या टोलला सवलत मिळते. शनिवारी दुपारी निघून रविवारी दुपारच्या आत परतणाऱ्यांनी निघण्याची वेळ त्या हिशेबाने ठरवावी. सगळ्यांत स्वस्त अर्थातच स्वारगेटहून एसटी. एका बाजूला दोनशेच्या आसपास तिकीट, २०२३ पासून महिलांना अर्धं, आणि ६५ च्या पुढच्यांनाही सवलत. आपल्या जुन्या सरांना पाठ थोपटायला घेऊन जायचं असेल तर तेवढं लक्षात असू द्या. रेल्वेचं स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाचे पैसे वेगळे पडतात.

आता बूट. चार हजारांचा धावण्याचा साधा, चांगला बूट या स्पर्धेला पुरतो. पंधरा-वीस हजारांचे कार्बन प्लेटचे बूट वेगात धावणाऱ्यांसाठी आहेत. अडीच-तीन तासांत पोचणाऱ्याने ते पैसे वाचवावेत. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. तीन-चार महिन्यांच्या तयारीत चार-पाचशे किलोमीटर होतातच, म्हणजे किलोमीटरला आठ-दहा रुपये पडले. मात्र स्पर्धेच्या दिवशी कोरा बूट घालू नये, निदान सहा आठवडे आधी घ्यावा. संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. आणि नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा घ्यावा. साताऱ्याचा रस्ता यवतेश्वरचा घाट चढतो आणि तोच घाट उतरतो. उतारावर पाय पुढे सरकून अंगठा बुटाला आपटत राहतो आणि पुढे आठवड्याभरात नख काळंनिळं पडतं. घाटाची सवय करायला पैसे लागत नाहीत. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या फुकट आहेत. महिन्यातून एखाद्या रविवारी बोपदेव घाट किंवा जुना कात्रज घाट केला की बस. पैसे घेऊन सराव घेणारे गट महिन्याला पाचशेपासून दीड हजारापर्यंत घेतात. पहिल्यांदाच धावणाऱ्याला ते उपयोगी पडतात. कॉलेजात क्रॉस कंट्री धावलेल्यांनी एकमेकांना उठवलं तरी काम भागतं.

चाळिशी ओलांडलेल्यांनी एका खर्चात काटकसर करू नये. कॉलेजात दहा किलोमीटर सहज धावायचो, ही आठवण पायांना असते, हृदयाला नसते. तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा. त्यांनी सांगितलं तर स्ट्रेस टेस्ट, साखर आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. शहरात याचे दीड ते अडीच हजार होतात. घरी हृदयविकाराचा इतिहास असेल, तर ही तपासणी झाल्याशिवाय शुल्क भरूच नका.

खाण्यापिण्याचा खर्च किरकोळ. धावताना ताकदीसाठी खायच्या जेलची पाकिटं प्रत्येकी शंभर-सव्वाशेला पडतात. खजूर आणि चिक्की तेच काम करतात. ओआरएसचं पाकीट वीस-पंचवीस रुपयांचं असतं, पण मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या ग्लासात अख्खं ओतलं तर तहान उलट वाढते, मळमळतं. काखेत आणि मांड्यांना लावायला व्हॅसलिनची छोटी डबी न्या, पावसात ओला शर्ट घासून कातडी सोलवटते. सुती बनियन घरीच ठेवा. शनिवारचं जेवण, रविवारचा चहा-नाश्ता आणि घरी न्यायचे पाव किलो कंदी पेढे मिळून सहाशे-सातशे रुपये पुरतात.

बॅचचा वेगळा टी-शर्ट छापायचा हट्ट नेहमी होतो. वीसच्या वर नग असतील तर अडीचशे ते चारशेला एक पडतो. स्पर्धेचा एक शर्ट मिळतोच, त्यामुळे हा खर्च ऐच्छिक ठेवा. कॉलेजचं बोधचिन्ह वापरायचं असेल तर कॉलेजची लेखी परवानगी घ्या. आणि न धावणाऱ्या मित्रांची किंमत ओळखा. घाटाच्या तोंडाशी कोरडे शर्ट आणि मोबाईल घेऊन उभा राहणारा एक माणूस असला की सामानाची आणि फोटोंची दोन्ही काळजी मिटते. त्याला लागतो फक्त मुक्काम आणि जेवणाचा वाटा.

पैसे एकाच माणसाकडे द्यावेत आणि नोंदणी उघडण्याआधी द्यावेत. शुल्काएवढी रक्कम आधी जमा केली तोच येणार, असं धरावं. सोबत एक छोटा निधी ठेवावा. ज्याला जमेल त्याने पाचशे-हजार जास्त टाकावेत, नाव जाहीर करू नये. त्यातून कुणाचं शुल्क भरलं, कुणाला बूट घेतले, हे फक्त खजिनदाराला माहीत असावं. त्याने तोंडावर कुलूप ठेवावं. निधीत पैसे उरणार असतील तर कॉलेजच्या सध्याच्या क्रॉस कंट्री संघातल्या दोघांची नोंदणी करा. त्यासाठी कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना नोंदणी उघडायच्या आधी फोन करावा लागेल, कारण मुलांच्या परीक्षा आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तारखा त्यांनाच माहीत असतात.