राखेतून उठलेली नगरी

देशोदेशींची जुनी नगरे पाहावयास निघालेला प्रवासी सामान्यतः प्राचीन वास्तूंच्या शोधात असतो. दिल्लीस गेला, तर तो कुतुबमिनार आणि लाल किल्ला पाहतो. इस्तंबूलला गेला, तर सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी बांधलेल्या हागिया सोफियाच्या घुमटाखाली जाऊन उभा राहतो. जपानची राजधानी टोकियो हीदेखील चारशेहून अधिक वर्षे गजबजलेली नगरी आहे. परंतु तेथे उतरलेल्या प्रवाशास प्रथमदर्शनी सारे काही नवेच दिसते. इमारती नव्या, पूल नवे. इतकेच काय, पण प्राचीन म्हणून ज्यांची ख्याती, त्या मंदिरांच्या भिंतीही सिमेंट-काँक्रीटच्या! मग या नगरीत पाहावयाचे तरी काय, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. त्याचे उत्तर मिळण्यासाठी तिचा थोडा इतिहास ध्यानी घेतला पाहिजे.

टोकियोचे पूर्वीचे नाव एदो. १५९० साली तोकुगावा इएयासू हा सरदार तेथे येऊन राहिला आणि १६०३ साली तो जपानचा शोगुन, म्हणजे सर्वसत्ताधारी सेनापती झाला. आपल्याकडे साताऱ्यास छत्रपती आणि पुण्यास पेशवे, तसे तिकडे क्योतोस सम्राट आणि एदोस शोगुन, अशी राज्याची व्यवस्था पुढे अडीचशेहून अधिक वर्षे चालली. १८६८ साली शोगुनांची सत्ता संपली आणि एदोला 'पूर्वेकडील राजधानी' या अर्थाचे टोकियो हे नाव मिळाले. आज टोकियो महानगराच्या हद्दीत सुमारे १ कोटी ४० लाख लोक राहतात. या वैभवाला दुःखाचीही एक बाजू आहे. एदोतील घरे लाकडाची व कागदाची. 'आगी आणि भांडणे ही एदोची फुले' अशी म्हणच तेथे पडली होती. १६५७ सालची आग, १९२३ सालचा भूकंप आणि १९४५ सालचा बाँबवर्षाव या तीन संकटांनी ही नगरी तीन वेळा जवळजवळ भस्मसात केली. यास्तव टोकियोत जे पाहावयाचे, ते प्रायः पुन्हा उभारलेले आहे. आणि ते कोणी, कसे व कशासाठी उभारले, हे जाणून घेणे हाच त्या दर्शनाचा खरा लाभ होय.

नगरीच्या मध्यभागी सम्राटाचा राजवाडा आहे. पूर्वी याच जागी शोगुनांचा किल्ला होता. त्याच्या आवारातील पूर्वोद्यान १९६८ पासून सर्वांस विनामूल्य खुले आहे. रुंद खंदक आणि प्रचंड शिळांचे तट ओलांडून आत गेल्यावर एक दगडी चौथरा लागतो. त्यावर चढून पाहावे, तो वर काहीच नाही! या ठिकाणी एके काळी जपानमधील सर्वांत उंच बुरूजमहाल होता. १६५७ च्या आगीत तो जळाला. त्या आगीत लाखभर माणसे मेली, असे जुने वृत्तांत सांगतात. पुढे चौथरा नव्याने बांधून झाला. महालही बांधावयाचा होता. परंतु शोगुन वयाने लहान असल्यामुळे कारभार पाहणाऱ्या होशिना मासायुकी या मुत्सद्द्याने सल्ला दिला, की प्रजेची घरे जळालेली असताना शोभेच्या बुरुजावर द्रव्य व मनुष्यबळ खर्च करू नये. तो सल्ला मानला गेला. आग पसरू नये म्हणून नगरात रुंद मोकळे रस्ते सोडण्यात आले आणि लोकांना पळून जाता यावे म्हणून सुमिदा नदीवर पूल बांधण्यात आला. बुरूज मात्र पुन्हा कधीच उभा राहिला नाही. पुष्कळ प्रवासी रिकामा चौथरा पाहून माघारी फिरतात. पण ज्यास ही हकीकत ठाऊक आहे, तो तेथे क्षणभर थांबतो.

या विस्तीर्ण नगरीत हिंडण्यास आगगाडीसारखे दुसरे साधन नाही. यामानोते नावाचा लोहमार्ग नगरीच्या मध्यभागाभोवती कंकणाप्रमाणे फिरतो. त्याची लांबी ३४.५ किलोमीटर असून त्यावर ३० स्थानके आहेत आणि सुमारे एका तासात गाडी निघाल्या ठिकाणी परत येते. फलाटावर लोक आखलेल्या खुणांवर रांगेत उभे राहतात. उतरणाऱ्यांना वाट देऊन मग आत शिरतात. डब्यात कितीही दाटी असली, तरी कोणी मोठ्याने बोलत नाही व दूरध्वनीवर संभाषण करीत नाही. रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच आढळतात. ज्याचा कचरा त्याने पिशवीत घालून घरी न्यावा, अशी तेथील रीत आहे. पाहुण्यानेही ती पाळावी, एवढीच यजमानांची अपेक्षा असते.

या लोहमार्गावरील हाराजुकू स्थानकाबाहेर पडताच एक घनदाट अरण्य दिसते. हे मेइजी मंदिराचे वन. सम्राट मेइजी १९१२ साली निवर्तल्यावर त्याच्या व सम्राज्ञीच्या स्मरणार्थ १९२० साली हे मंदिर पूर्ण झाले. आज जेथे दिवसासुद्धा दाट सावली असते, तेथे त्या वेळी बहुतांशी उजाड माळ व शेते होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोकांनी सुमारे १ लाख झाडे पाठविली आणि हजारो तरुणांनी श्रमदानाने ती लावली. तत्कालीन पंतप्रधान ओकुमा यांना येथे सुरूसारख्या उंच देवदारी वृक्षांचे भव्य वन हवे होते. परंतु असे वृक्ष नगरीच्या धुरात टिकणार नाहीत, असे वनशास्त्रज्ञांनी त्यांना निर्भयपणे सांगितले आणि ओक, कापूर अशा सदाहरित वृक्षांची निवड केली. शंभर-दीडशे वर्षांनी हे वन माणसाच्या मदतीवाचून आपोआप वाढत राहावे, अशी त्यांची योजना होती. ती लावणाऱ्यांपैकी कोणालाही ते पूर्णत्वास गेलेले दिसणार नव्हते. मंदिराच्या वाटेवर पडलेली पाने झाडणारे सेवक आजही ती पाने फेकून न देता पुन्हा झाडांच्या बुंध्याशी नेऊन टाकतात. मंदिराच्या मुख्य इमारती १९४५ साली जळाल्या व १९५८ साली पुन्हा बांधल्या गेल्या. वन मात्र वाचले.

त्याच लोहमार्गाने उएनो येथे जावे. येथील उद्यानात वसंत ऋतूत चेरीची झाडे फुलांनी डवरली, की सारी नगरी त्यांच्याखाली सहभोजनास बसते. जवळच्या शिनोबाझू तलावात उन्हाळ्यात कमळे फुलतात. तलावातील बेटावर बेंतेन देवीचे मंदिर आहे. ही बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानला पोहोचली. तिच्या हातातील वीणेच्या जागी बीवा नावाचे तंतुवाद्य आले. हेही मंदिर १९४५ साली जळून गेले होते आणि १९५८ साली पुन्हा उभारले गेले. परक्या देशात ओळखीची देवता भेटल्याने भारतीय प्रवाशास सहजच आनंद होतो.

उद्यानाला लागूनच १८८२ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय आहे. भारताचा या स्थळाशी एक हृद्य संबंध आहे. १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, बाँबहल्ल्यात पिंजरे तुटून हिंस्र प्राणी नगरात शिरतील, या भीतीने त्यांना ठार मारण्याचा हुकूम सुटला. तीन हत्तींचाही त्यांत समावेश होता. विष घातलेले खाद्य हत्तींनी सोंडेने दूर सारले. अखेर त्यांना उपाशी ठेवण्यात आले आणि काही आठवड्यांत ते तिन्ही मुके जीव मरण पावले. युद्ध संपले, पण टोकियोच्या मुलांना पाहण्यास हत्ती उरला नाही. तेव्हा त्या मुलांनी भारताचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्रे धाडून एका हत्तीची मागणी केली. पंडितजींनी ती मान्य केली. १९४९ च्या सप्टेंबर महिन्यात म्हैसूरची एक हत्तीण समुद्रमार्गे टोकियोस पोहोचली. पंडितजींनी तिला आपल्या कन्येचे 'इंदिरा' हे नाव दिले होते. तिला पाहण्यास लोकांची रीघ लागली. १९५७ साली जपानच्या भेटीवर गेले असता पंडितजी कन्येसह तेथे जाऊन इंदिरेस भेटले. १९८३ साली ती मरण पावली. ज्या वस्तीने नुकतेच युद्धाचे चटके सोसले होते, तिला दूरच्या देशाने पाठविलेली ही भेट किती मोलाची वाटली असेल, याची कल्पनाच करावी.

उएनोहून भुयारी रेल्वेने असाकुसा या जुन्या वस्तीत जाता येते. हा मार्ग १९२७ साली सुरू झाला. आशिया खंडातील ही पहिली भुयारी रेल्वे. असाकुसाचे सेन्सो-जी हे टोकियोतील सर्वांत जुने मंदिर. ६२८ साली दोघा कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची, म्हणजे करुणामूर्ती अवलोकितेश्वराची, प्रतिमा आली, अशी आख्यायिका आहे. प्रवेशद्वारी सुमारे ४ मीटर उंचीचा लाल कागदी कंदील टांगलेला असतो. आत दुतर्फा खेळणी, पंखे व खाऊ यांची दुकाने आहेत. मंदिरात भाविक नळकांडे हलवून एक काडी काढतात व तिच्यावरील अंकाप्रमाणे भविष्याची चिठ्ठी घेतात. भविष्य वाईट निघाले, तर ती चिठ्ठी तेथील तारेला बांधून निर्धास्तपणे घरी जातात! हे मंदिर १९२३ च्या भूकंपातून वाचले होते. परंतु १० मार्च १९४५ च्या रात्री ते भस्मसात झाले. आजची मंदिराची वास्तू १९५८ सालची आहे. आवारात गिंको वृक्षाचे एक जुने खोड त्या रात्रीच्या जळल्या खुणा अंगावर वागवीत उभे आहे आणि दर वसंतात त्याला नवी पालवी फुटते.

नदीच्या पैलतीरी र्‍योगोकू येथे कुस्तीचे प्रसिद्ध सभागृह आहे. जानेवारी, मे आणि सप्टेंबर या महिन्यांत तेथे सुमो मल्लांच्या कुस्त्या रंगतात. त्याच्या जवळच योकोआमिचो नावाचे लहानसे उद्यान आहे. तेथे गर्दी नसते. पण नगरीचे अंतःकरण तेथेच कळते. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बारास दोन मिनिटे कमी असताना भूकंप झाला. घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. क्षणार्धात आगी भडकल्या. या मोकळ्या जागेत आश्रयाला आलेली सुमारे ३८,००० माणसे ज्वाळांच्या वावटळीत सापडून मेली. भूकंपाच्या साऱ्या प्रदेशात मिळून मृतांची संख्या १ लाखाच्या घरात गेली. त्या दिवसांत, कोरियन लोक विहिरींत विष कालवीत आहेत, अशी खोटी अफवा पसरली आणि जमावांनी हजारो निरपराध कोरियनांची हत्या केली. त्यांचेही स्मारक या उद्यानात १९७३ साली उभारण्यात आले. भूकंपातील मृतांच्या अस्थी ठेवण्यासाठी १९३० साली बांधलेल्या स्मृतिमंदिरात पुढे १९४५ च्या बाँबहल्ल्यातील मृतांच्याही अस्थी ठेवाव्या लागल्या. १० मार्चच्या त्या एका रात्रीत सुमारे १ लाख माणसे मेली होती. दर वर्षी या दोन्ही दिवशी तेथे प्रार्थना होते.

हे दुःख केवळ स्मरणात राहिले नाही. ते शिक्षणात उतरले. १९६० पासून १ सप्टेंबर हा दिवस जपानभर आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळला जातो. जवळच होंजो येथे अग्निशमन दलाने चालविलेले एक विनामूल्य शिक्षणकेंद्र आहे. तेथे यंत्राने हलणाऱ्या खोलीत भूकंपाचा अनुभव घेता येतो, धुराने भरलेल्या वाटेतून वाकून कसे बाहेर पडावे हे शिकता येते आणि आग विझविण्याचा सराव करता येतो. प्रवाशाने यासाठी अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा. घरी आणलेल्या इतर वस्तू कालांतराने मोडतील. येथे शिकलेली गोष्ट एखादे वेळी प्राण वाचवील.

शेवटी, सायंकाळी, २०१२ साली खुल्या झालेल्या ६३४ मीटर उंच मनोऱ्यावर जावे. 'स्कायट्री' असे त्याचे नाव. भूकंपाचे हादरे सोसावे म्हणून त्याच्या मध्यभागी एक स्वतंत्र स्तंभ उभारला आहे. जपानच्या जुन्या लाकडी पॅगोड्यांतील मध्यस्तंभावरून ती कल्पना सुचली. जुन्या सुतारांची विद्या नव्या पोलादाच्या कामी आली ती अशी. आकाश निरभ्र असेल, तर पश्चिमेला फुजी पर्वताचे शिखर दिसते. खाली क्षितिजापर्यंत दिवे लागत जातात. त्या दिव्यांत मेइजी वनाचा काळोखा पट्टा दिसतो, नदीकाठी कान्नोनचे मंदिर दिसते आणि किल्ल्याच्या बागेतील तो रिकामा चौथरा कोठे असेल, याचा अंदाज बांधता येतो. सकाळी ज्या नगरीत पाहण्यासारखे जुने काही नाही असे वाटले होते, ती किती वेळा आणि कोणाकोणाच्या हातांनी उभी राहिली, हे आता प्रवाशास ठाऊक झालेले असते.

स्वाध्याय

१. शोगुनांचा बुरूजमहाल पुन्हा का बांधला गेला नाही? हा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो काय? सकारण लिहा.
२. मेइजी मंदिराचे वन लावताना वनशास्त्रज्ञांनी कोणती दूरदृष्टी दाखविली?
३. 'इंदिरा' हत्तीण टोकियोस कशी पोहोचली, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. संकटकाळी अफवांमुळे कोणता अनर्थ होतो, हे पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
५. तुमच्या गावातील पूर, आग किंवा भूकंप यांची माहिती वडीलधाऱ्या माणसांकडून मिळवा आणि त्यानंतर गावाने काय केले, ते दहा ओळींत लिहा.