पिकअपची फूटस्टेप: पैसे फळीत नको, ब्रॅकेटमध्ये घाला

आमच्या बोलेरो कॅम्परच्या दाराचा उंबरा जमिनीपासून २६ इंचांवर आहे. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची, म्हणजे जवळपास चार पायऱ्या एका दमात. बागेतले गडी हँडलला धरून वर उडी मारतात. आईचे गुडघे ते करू देत नाहीत. दोन वर्षं ती प्लास्टिकचं स्टूल लावून चढायची आणि ते स्टूल दर वेळी अंगणातच राहायचं, कारण सगळे आत बसल्यावर ते उचलायला खाली उतरणार कोण?

शेवटी ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून फूटस्टेप करून घेतली. २८०० रुपयांत काम झालं म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या पावसाळ्यात भाताचं पोतं खांद्यावर घेतलेला गडी टोकावर उभा राहिला आणि पाइप सरळ खाली वाकला. कापून पाहिलं तर पाइपची टोकं उघडीच ठेवलेली, आत चिखल आणि गंजाचा भुगा. एका बाजूला ब्रॅकेट दोनच. तेव्हापासून एक धडा पक्का झाला: आपण बघतो फळी, पण वजन पेलतं ब्रॅकेट.

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन उंची मोजा, तीही गाडी भरलेली असताना. स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन आलं की मागची बाजू खाली बसते आणि रिकाम्या गाडीवर ठरवलेली उंची फसते. पायरी बरोबर मध्यावर, म्हणजे १३ इंचांवर हवी असं वाटतं; पण आमच्या वाटेवर बांध आणि चढाओढीनं उंच केलेले गतिरोधक आहेत, म्हणून मी १५ वर थांबलो. रुंदीही बेताची ठेवा. पाऊल निम्म्याहून जास्त टेकलं की पुरे. फार रुंद फळी असली की उतरताना तिच्यावर पाय न देता थेट खाली उतरता येत नाही आणि पोटऱ्यांना लाल माती लागते. साडी नेसणाऱ्या बाईला विचारा, ती दुकानदारापेक्षा नेमकं सांगेल.

आता किंमत. वेल्डिंगवाल्याचं गणित आधी स्वतः करून पाहा. २ इंची, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप मीटरला साधारण २.४ किलो भरतो. दोन्ही बाजूंचे मिळून साडेतीन मीटर, शिवाय ब्रॅकेट आणि चेकर प्लेटचे तुकडे धरले तरी सगळं १५ किलोच्या आसपास. किलोला ७०-८० रुपये धरले तर माल हजार-बाराशेचा. बाकी मजुरी आणि रंग. म्हणून साडेतीन ते पाच हजारांत चांगली फूटस्टेप होऊ शकते, फक्त त्यात पावडर कोटिंग आणि बंद टोकं धरलेली हवीत. ब्रशनं मारलेला काळा रंग एका पावसाळ्याचा सोबती. तयार लोखंडी जोडी चार ते आठ हजारांत, अॅल्युमिनियमची आठ ते पंधरा हजारांत मिळेल असं धरून चाला. फिटिंगचे पाचशे ते हजार वेगळे. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठलात तर घासाघीस करायला वाव आहे. दार उघडताच आपोआप बाहेर येणारी मोटरची पायरी याच्या कित्येक पट महाग, आणि चिखलात राबणाऱ्या गाडीला ती नकोच. तिचे सांधे मातीनं धरतात.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो: ‘बघा, चिकटत नाही, ३०४ आहे.’ हसून पुढे जा. स्वस्तातलं २०२ स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. देशावर २०२ चालून जाईल. कोकणच्या खाऱ्या हवेत त्यावर तांबूस ठिपके येतात. बिलावर ‘३०४’ लिहून देत असेल तरच त्या भावानं घ्या. अॅल्युमिनियमला तसा लाल गंज चढत नाही, पण लोखंडी ब्रॅकेटला थेट टेकलं की खाऱ्या ओलीत सांध्याशी पांढरी भुकटी धरून कुरतडलं जातं. मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर टाकून घ्या.

फिटिंगच्या वेळी चहाला जाऊ नका. एका बाजूला निदान तीन ब्रॅकेट, आणि तेही चासीवर असलेल्या भोकांतच बोल्टनं. चासीला वेल्डिंग करू देऊ नका. तापलेल्या जागी पोलाद कमजोर होतं. नवं भोक पाडायचंच झालं तर चासीच्या उभ्या पट्टीच्या मध्यात, वरच्या-खालच्या कडेला कधीच नाही. ड्रिल लावण्याआधी आत वाकून बघा, ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप तिथूनच जातात. जॅक लावायची जागा झाकली गेली नाही ना, तेही पाहा. काम झालं की दुकानातल्या सर्वांत जाड माणसाला टोकावर उभं करा.

फूटस्टेप घ्यायला गेलात की ‘पुढचा गार्डपण घेऊन टाका, सेटमध्ये स्वस्त पडेल’ असा आग्रह होतो. घेऊ नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं अशा गार्डवर, म्हणजे बुलबारवर, कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. नियमबाह्य बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पायरीही बॉडीच्या रेषेबाहेर डोकावू देऊ नका. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला उभं राहावं लागतं. तिथे बाहेर आलेली पट्टी आधी नजरेत भरते.

बिल पक्कंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. ६००० च्या मालाला १०८०. ते वाचवलेत तर वॉरंटीला पुरावा उरत नाही, आणि विम्याच्या नूतनीकरणात ‘अॅक्सेसरी’ म्हणून किंमत नोंदवून घेताना हातात काही नसतं.

पंधरा दिवसांनी पाना घेऊन गाडीखाली शिरा आणि सगळे नट पुन्हा आवळा. माझ्या बारा नटांपैकी तीन पाव फेरा फिरले.