अंगावरचा बिनतारी संवाद
(द्वितीय वर्ष, कला)

‘बिनतारी’ म्हटले की आपल्याला पोलीस ठाण्यातील यंत्र आठवते. असाच बिनतारी संवाद आज एकाच माणसाच्या अंगावरील दोन यंत्रांत चालतो, आणि त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. माझे लक्ष या विषयाकडे गेले ते मामेबहिणीच्या आजारामुळे.

तिला टाइप १ मधुमेह आहे. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती जगतात, पण मात्रेचा मेळ सांभाळावा लागतो. मात्रा कमी पडली तर साखर चढते. जास्त झाली तर उतरते आणि शुद्ध हरपू शकते. म्हणून मामी रात्री दोनला उठते, बहिणीचे बोट टोचून साखर पाहते. मोजणे, ठरवणे व देणे ही तिची तीन कामे.

हीच कामे दोन यंत्रे वाटून घेतात. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला सेन्सर कातडीखालच्या द्रवातील साखर मोजतो व साधारण दर पाच मिनिटांनी कमी शक्तीच्या रेडिओलहरींनी पंपाला कळवतो. पंप हिशेब करून इन्शुलिन कमी-अधिक करतो. इन्शुलिन असे आपोआप वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तरीही जेवणाचा अंदाज सहसा माणसालाच सांगावा लागतो.

पण निरोप पोचलाच नाही तर? शरीरात पाणी पुष्कळ असते व ते या लहरी शोषते. मूल सेन्सर अंगाखाली घेऊन झोपले, तर संपर्क तुटू शकतो. अशा वेळी पंप आधी ठरवून दिलेल्या मात्रेवर परततो व आवाज करून माणसाला सावध करतो. कळत नसताना धाडस न करणे, हाच त्याचा शहाणपणा.

दुसरा धोका खोट्या निरोपाचा. स्वतः मधुमेही असलेले अमेरिकन तज्ज्ञ जे रॅडक्लिफ यांनी २०११ मध्ये आपल्याच पंपाला बाहेरून हुकूम देता येतो, हे दाखवले. २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाने काही जुन्या पंपांविषयी तसा इशारा दिला. म्हणून निरोप सांकेतिक लिपीत जावा आणि पाठवणाऱ्याची ओळख पटल्यावरच पंपाने तो मानावा, हे आवश्यक ठरले.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था अशा मुलांसाठी काम करते. परंतु पंपाची किंमत लाखांच्या घरात आहे. ऊसतोडीला गेल्यावर मामीच्या कोपीत फ्रीजही नसतो; इन्शुलिन माठात गार ठेवावे लागते. विज्ञानाने मामीची तीनही कामे यंत्राला शिकवली. ते यंत्र त्या कोपीपर्यंत अजून पोचलेले नाही.

तोवर आपण एवढे तरी करावे. वर्गातील अशा मित्राला अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, तर साखर उतरली असेल, हे ओळखावे. तो शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर लगेच साखर द्यावी; शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. वेळेवर कळणे व वेळेवर देणे, एवढेच तर ती दोन यंत्रे करतात.