लहान यंत्रमागधारकाचा कर आणि त्याची नोंदवही

सुरत शहराचा करांशी असलेला संबंध जुना आहे. १८४४ मध्ये मिठावरील कर वाढविण्यात आला, तेव्हा या शहरात मोठा क्षोभ उसळला होता. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, त्या वेळीही येथील कापड व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून आपला विरोध नोंदविला. कराच्या दराची चर्चा अशी जाहीरपणे होते. परंतु लहान उद्योजकाचा पैसा पुष्कळदा दरामुळे नव्हे, तर नोंदीच्या अभावी जातो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी जो स्वतःचे चार माग टाकून व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो, अशा यंत्रमागधारकाचे उदाहरण येथे घेऊ.

कापलेला कर परत मिळविणे

समजा, २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्याला एका व्यापारी पेढीकडून १८ लाख रुपये मजुरी मिळाली. वीज, कारागिरांचा पगार, भाडे वजा जाता ३ लाख रुपये उरले. पेढीने मजुरी देताना १ टक्का दराने, म्हणजे १८,००० रुपये, करकपात केलेली असते. नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. म्हणजे ही सर्व रक्कम त्याला परत मिळावयास हवी. मात्र विवरणपत्रच भरले नाही, तर ती परत मिळत नाही. ‘आपल्याला कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला?’ हा समज असा महागात पडतो. पेढीला पॅन क्रमांक दिलेला नसेल, तर कपात २० टक्के दराने होते, हेही ध्यानात ठेवावे.

अनुमानित उत्पन्नाची पद्धत

ज्यांची वार्षिक उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत आहे (रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ३ कोटींपर्यंत), त्यांना तपशीलवार हिशेबपुस्तकांऐवजी अनुमानित पद्धत स्वीकारता येते. बँकेमार्फत आलेल्या जमेवर किमान ६ टक्के आणि रोख जमेवर किमान ८ टक्के नफा दाखवावा लागतो. प्रत्यक्ष नफा अधिक असेल, तर तोच दाखविणे उचित होय. या पद्धतीत खर्चाची वेगळी वजावट मिळत नाही. आगाऊ कर देय असल्यास तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो.

पंचेचाळीस दिवसांचा नियम

जो यंत्रमागधारक सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदलेला आहे, त्याचे पैसे लेखी करार असल्यास करारातील मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याने त्यास जोड दिली. मुदत उलटूनही बिल थकले, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजा मिळत नाही. २०२४ च्या आरंभी सुरतच्या कापड बाजारात या तरतुदीवरून बरीच खळबळ माजली, कारण तेथील व्यवहार दीर्घ उधारीवर चालत आले आहेत. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापलेला असावा, म्हणजे खरेदीदाराला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र या तरतुदीचा लाभ नाही.

चार साध्या सवयी

प्रत्येक मालाचे चलन व बिल तारखेसह जपावे. मजुरी शक्यतो बँकेतूनच घ्यावी. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर किती कर जमा झाला, हे दर तिमाहीस पाहावे. कपात झालेली असून जमा दिसत नसेल, तर पेढीकडे तत्काळ विचारणा करावी. केवळ मजुरीचे काम करणाऱ्यांनी २० लाख रुपयांच्या उलाढालीवर लक्ष ठेवावे, कारण ती ओलांडताच वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागधारकांनाही हेच नियम लागू आहेत. मागावरच्या ताग्याचे माप जो चोख ठेवतो, त्याने हिशेबाचे मापही तितकेच चोख ठेवले, तर घामाचा पैसा घरात येईल.