अपघातग्रस्तांना मदत आणि कंपन्यांचे दोन टक्के



रस्ता सुरक्षा अभियान आलं की शाळेत घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी होते. अपघात टाळण्यासाठी हे हवंच. पण ज्यांचा अपघात होऊन गेला, त्यांचं काय? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. यातल्या कितीतरी घरांत आपल्या वर्गात बसणारी मुलं आहेत.

सीएसआर म्हणजे काय?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करावा लागतो. मागील वर्षी नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी अट पूर्ण झाली तरी कंपनीला हा नियम लागू होतो. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम द्यायची असते.

शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण घ्या. तीन वर्षांचा नफा ४०, ५० आणि ६० कोटी. सरासरी ५० कोटी. त्याचे २ टक्के म्हणजे १ कोटी रुपये.

अपघातग्रस्तांसाठी हा पैसा चालतो का?

हो. जून २०१४ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढून रस्ता सुरक्षेची कामं आणि अपघातग्रस्तांना वैद्यकीय व कायदेशीर मदत सीएसआरमध्ये बसते, असं स्पष्ट केलं आहे.

खरी गरज कुठे आहे?

२०२५ च्या केंद्रीय योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. ही मोठी सोय आहे. पण आठव्या दिवसापासून? फिजिओथेरपी, कृत्रिम पाय, नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी वकील, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमीसाठी ५० हजार रुपये भरपाई मिळते. ते अर्ज भरून देणारं कुणीतरी लागतं. सेवाभावी संस्था इथेच उपयोगी पडतात.

हेल्मेट वाटप एका दिवसात होतं, फोटोही निघतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची मदत मात्र वर्षानुवर्षं चालते, म्हणून तिच्यासाठी देणगीदार मिळणं अवघड जातं. खरं तर सीएसआरच्या नियमांत सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प घेता येतो. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही, इच्छा हवी.

संस्थेकडे काय हवं?

सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. सर्वसाधारण ट्रस्ट किंवा संस्थेला आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभवही लागतो. आपल्या तालुक्यातली संस्था चांगलं काम करत असेल, पण कागदपत्रांत अडली असेल, तर जाणकार पालकांनी त्यांना हात द्यावा.

आपण काय करू शकतो?

१. शाळेत कंपनीचे लोक कार्यक्रमाला आले की त्यांचे आभार मानूया आणि विचारूया, "जखमींच्या पुढच्या उपचारांसाठी आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी काही योजना आहे का?"

२. सीएसआर प्रकल्पांची माहिती कंपनीने आपल्या वेबसाइटवर द्यायची असते. ती वाचून मगच अर्ज करावा.

३. हा विषय वर्गात घेताना अपघातात आई-वडील गमावलेल्या मुलाला सगळ्यांसमोर काही विचारू नये. त्याच्या घरी एकट्याने जाऊन बोलावं.

मुलांसाठी प्रश्न: एका कंपनीचा तीन वर्षांचा नफा १०, १५ आणि २० कोटी रुपये आहे. सीएसआरची किमान रक्कम किती? त्या पैशातून अपघातग्रस्त कुटुंबाला आधी कोणती मदत द्याल, आणि का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ३० लाख रुपये. दुसऱ्याचं उत्तर मुलांकडूनच ऐका.