सारवणातला डावा हात

कुमारांसाठी ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहायची तर चोर ठरवण्याआधी वर्ष ठरवा, जमल्यास महिनाही. मी १८९७चा एप्रिल निवडेन. पुण्यात प्लेग आहे, प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याचे गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडती घेतायत. अशा झडतीनंतर वाड्यातली दागिन्यांची डबी नाहीशी होते. सोल्जर वस्तू उचलतात अशा तक्रारी तेव्हा खरोखरच होत्या, त्यामुळे वाड्यातल्यांसोबत वाचकही तिकडेच बोट दाखवेल.

आता नायिका. ती बारा वर्षांची, हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकणारी, साथीमुळे घरी अडकलेली. तिच्यासाठी एका पानावर दोन रकाने करा. पहिल्यात तिला मना असलेल्या गोष्टी: एकटीने पेठेबाहेर जाणं, परक्या पुरुषाशी बोलणं, वडिलांना उलट प्रश्न विचारणं. दुसऱ्यात फक्त तिलाच मिळणाऱ्या: माजघर, कोठीची खोली, हळदीकुंकवातल्या गप्पा. तिची जिद्द पहिल्या रकान्याशी झगडू द्या आणि शोध दुसऱ्यातून लागू द्या. तिच्या तोंडी आजची भाषणं घालू नका. नऊवारीतली आजची मुलगी वाचकाला लगेच खोटी वाटते.

मग दुवा शोधा, तोही त्या घरातलाच. कोठीच्या कोपऱ्यातलं सारवण बाकीच्या जमिनीपेक्षा गडद आहे, म्हणजे ताजं; डबी त्याखाली पुरलीय. त्यावरच्या बोटांच्या कमानी उलट्या वळल्यात. रोज सारवणाऱ्या मुलीलाच ते दिसेल: हा डावा हात. आणि चारचौघांत निमूट उजव्या हाताने वावरणारी विधवा आत्या एकटी असताना डावखुरी असते, हे तिने पाहिलेलं असतं. तिसऱ्या प्रकरणात आत्याला डाव्या हाताने सुपारी कातरताना दाखवा, एका ओळीत, आणि पुढे चला.

आत्याने डबी का पुरली? त्यात तिचंच स्त्रीधन आहे, दिरांनी कुलपात ठेवलेलं आणि पुढे भावाच्या ताब्यात आलेलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, विधवांना शिकवणारी संस्था, १८९०मध्ये मुंबईहून पुण्यात आलं; तिथे जाऊन शिकायचं तिच्या मनात आहे. हेतू असा काळातूनच यायला हवा.

संवाद लिहिण्याआधी रमाबाई रानड्यांच्या आठवणी आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. घरातल्या बायकांचं बोलणं, रुसणं, धाक तिथे जिवंत सापडतो.

शेवटचं प्रकरण सर्वांत आधी लिहा. कादंबरी २२ जूनच्या आत संपवा, कारण रँडवर गोळी झाडली गेली की वाड्यातल्या डबीकडे कोणाचंच लक्ष राहणार नाही. आणि खरा कस शोधानंतर लावा: डबी कुठे आहे हे कळल्यावर, वडील समोर उभे राहून विचारत असताना, ती मुलगी काय उत्तर देते?